पीळ

सोहारच्या कॅम्पात, मेसच्या मागच्या हॉलमध्ये
एक टेबल आहे. एका कोपऱ्यात फुगलेलं.
तिथं पडलेला चेंडू उसळत नाही.
त्या कोपऱ्याला आम्ही 'मस्कत' म्हणतो,
कारण तिकडे गेलेलं काही परत येत नाही :
फाइल, पासपोर्ट, रजेचा अर्ज.
नियम असा की मस्कतला पडला तर तो पॉइंट पुन्हा खेळायचा.

रात्रपाळी नसली की साडेनऊला
अब्दुलगनी मुकादम येतात. गोदामाचे, मूळचे हर्णैचे,
एकतीस वर्षं इथं.
बॅट उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेली,
आणि खेळायला सुद्धा इस्त्रीची पँट.

सर्व्हिस करताना ते काही करत नाहीत.
म्हणजे दिसण्यासारखं काही नाही.
उघड्या तळव्यावर चेंडू,
वर उडवायचा वितीला दोन बोटं कमी,
आणि बॅट खाली येते
काल आली होती तशी, परवा आली होती तशी.
मी मनगट बघतो. कोपर बघतो.
चेंडूवर छापलेली अक्षरं बघतो.
ती विरघळली तर पीळ आहे, वाचता आली तर नाही,
हे त्यांनीच शिकवलं,
आणि वाचायला वेळ कधी दिला नाही.

एक येतो खालून कापलेला,
माझ्या बॅटला शिवून जाळीच्या पायाशी लोळण घेतो.
एक कुशीवर वळतो आणि दाराकडे निघतो,
जिथं डंबर गुरुंग चहाचा कप
सवयीनं वर उचलून धरतो.
आणि तिसरा, त्याच हातानं, त्याच श्वासात,
कोरा.
सगळ्यात वाईट कोराच.
मी पीळ धरून उचलतो आणि तो थेट ट्यूबलाइटला.
"काही नव्हतं त्यात," मुकादम म्हणतात,
"जे होतं ते तू घातलंस."

ऑगस्टात समुद्र हॉलमध्ये येऊन बसतो.
एसी नुसता गुरगुरतो, रबरावर दव धरतं,
बॅट चेंडूला पकडत नाही, घसरते.
सगळ्यांची फिरकी मरते. तेवढा एक महिना मी जिंकतो.
ते बॅट पँटीला पुसतात, फुंकतात, पुन्हा पुसतात.
वडील काथ्याचे दोर वळायचे, सांगतात,
होड्यांसाठी, उघड्या मांडीवर.
उजवा पीळ की डावा, अंधारातही बोटांना कळायचं.
"सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
भिजला तर काय होतं, ते कुणी सांगत नाही."

घरचा फोन ते इथूनच लावतात, खिडकीपाशी.
जेवलो. बरा आहे. पाठवतो.
ज्या दिवशी क्रेनखाली तो बिहारचा पोरगा गेला,
त्या रात्रीही : जेवलो. बरा आहे. पाठवतो.
मी एकदा विचारलं, भाभींना ओळखू येतो का पीळ?
"ती चेंडू बघतच नाही," म्हणाले. "आवाज ऐकते."

परवा गुरुवारी आठ-आठ होते.
त्यांची सर्व्हिस. चेंडू तळव्यावर ठेवता ठेवता
ते म्हणाले, तीस तारखेला व्हिसा संपतोय.
वाढवत नाहीत आता, वय झालं.
आणि चेंडू वर. वितीला दोन बोटं कमी.
बॅट खाली, कालच्यासारखी.

मी मनगट बघितलं नाही.
चेंडूवरची अक्षरंही नाही.
फक्त ऐकलं. टक्.
पोकळ, जड, दारावर एकदाच वाजवून थांबल्यासारखं.
मी बॅट नुसती आडवी धरली.
चेंडू पलीकडे गेला, हळू,
आणि मस्कतला पडला. पडून राहिला.

डंबर म्हणाला, पॉइंट घ्या, घ्या हो,
इतकी वर्षं कधी परतवली होतीत ही?
मी नाही म्हटलं. नियम म्हणजे नियम.

मुकादमांनी वाकून चेंडू उचलला.
पँटीला पुसला, दोनदा.
तळवा उघडला.